त्रेचाळीस इंची सूड

माझ्या मोठ्या जाऊबाईंना छापखान्यात सगळे मात्राबाई म्हणायचे. कुणाची मात्रा पडली, वेलांटी उलटी झाली, अनुस्वार घरंगळला, की ते पान नीट हातात घेण्याआधीच त्यांना कळायचं. सामान बांधून आलेल्या कागदावरच्या चुकासुद्धा त्या आधी सुधारायच्या आणि मग कागद टाकायच्या.

जाऊबाई प्रेमळ आहेत, पण विसराळू नाहीत. माझ्या हातून एकदा त्यांची कात्री हरवली, त्याला सतरा वर्षं झाली. अजूनही मला काही देताना त्या म्हणतात, "परत आण हं." आम्ही त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. छापखान्यातलं तेवढं त्यांच्या तोंडून ऐकलं, तेही इतक्या वेळा की मला पाठ आहे.

छापखाना तळघरात होता. चार पायऱ्या उतरल्या की डाव्या हाताला मालकांचं टेबल, उजव्या हाताला जाऊबाईंचा कॉम्प्युटर, मधे छपाईचं यंत्र आणि अगदी मागे, खिडकीही नसलेल्या कोपऱ्यात, बांधणीवाली बाई. तेवीस वर्षं जाऊबाईंनी त्या एका खुर्चीवर बसून अक्षरजुळणी केली. मॉनिटर सतरा इंची, कडेने पिवळा पडलेला. पन्नाशीनंतर डोळे दुखायला लागले तसा त्यांनी मोठा मॉनिटर मागितला, तीनदा. मालक दर वेळी म्हणाले, "आहे त्याला काय धाड भरलीय?"

मालकांचे दोन नियम होते. एक, प्रूफावर लाल पेन चालवायचं नाही, कारण लाल खुणा बघून गिऱ्हाईक बिथरतं. चुका पेन्सिलीने दाखवायच्या. दुसरा, मालकांनी प्रूफ बघून सही केल्याशिवाय कॉम्प्युटरवरचं एक अक्षरही बदलायचं नाही.

एका शाळेची स्मरणिका छापायची होती. पहिल्याच पानावर दोन फोटो होते. वर संस्थेचे अध्यक्ष, चांगले धडधाकट. खाली संस्थापक, जाऊन तीस वर्षं झालेले. पान लावताना 'दिवंगत' हा शब्द एक ओळ वर सरकला आणि अध्यक्षांच्या नावामागे जाऊन बसला. जाऊबाईंनी प्रूफ काढलं, चूक पाहिली, पेन्सिलीने बाण काढून समासात लिहिलं, "हा शब्द खालच्या नावाला." प्रूफ मालकांच्या टेबलावर ठेवलं आणि दुपारी, आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे, त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. मालकांनी सही केली आणि घाईत तेच जुनं पान छपाईची प्लेट करायला पाठवून दिलं.

दोन हजार प्रती शाळेत वाटल्या गेल्या. तिसऱ्या दिवशी अध्यक्ष काठी आपटत चार पायऱ्या उतरले.

"मी गेलो कधी हो?" ते ओरडले. "मला तरी कळवायचं!"

यंत्र थांबलं. मालक उठून उभे राहिले आणि त्यांनी बोट दाखवलं ते जाऊबाईंकडे. "बाईंच्या डोळ्यांचं जरा तसंच आहे, साहेब. त्या दिवशी डॉक्टरकडेच गेल्या होत्या. मी कधीचा म्हणतोय, आता पुरे."

"मी पेन्सिलीने लिहिलं होतं," जाऊबाई म्हणाल्या. "प्रूफ काढा ना."

"कुठलं प्रूफ?" मालक म्हणाले. "ते रद्दीत गेलं. बाई, तेवीस वर्षं झाली. आता घरी बसा, टीव्ही-बिव्ही बघा."

अध्यक्षांसमोर, यंत्रावरच्या माणसासमोर, बांधणीवालीसमोर. कुणीही तोंड उघडलं नाही. जाऊबाईंनी डबा उचलला, भिंग उचललं, चष्म्याचं घर उचललं आणि पायऱ्या चढून त्या घरी आल्या.

तीन आठवडे त्या घर आवरत होत्या. कपाटं आवरली, पडदे धुतले, पुन्हा कपाटं आवरली. भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, बसमधले कंडक्टर, नुकतेच निवृत्त झालेले. त्यांनी स्वतःसाठी त्रेचाळीस इंची टीव्ही आणला होता, कुणी नावही न ऐकलेल्या कंपनीचा, स्वस्तातला. ते दिवसभर कुस्त्या बघायचे. जाऊबाई त्या खोलीत पाऊल टाकायच्या नाहीत. टीव्ही लागला की त्यांना मालकांचा आवाज ऐकू येतो, असं त्या एकदा मला म्हणाल्या.

मग आमच्या ह्यांच्या ऑफिसात जुने कॉम्प्युटर काढून टाकले. ह्यांनी एक खोकं वहिनींसाठी आणलं. मॉनिटर मात्र नव्हता, ते सगळे फुटले होते.

"आमच्या टीव्हीला जोड की," भाऊजी म्हणाले. "मागे भोक आहे त्याला."

जाऊबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की भाऊजींनी टीव्हीचा आवाज कमी केला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले तर वायर जोडलेली होती. जाऊबाई समोर स्टुलावर बसून पडद्याकडे शत्रूकडे बघावं तशा बघत होत्या.

टीव्ही कसला, छळवाद होता तो. पडद्याच्या चारही कडा कापल्या जात होत्या, खालची पट्टी अर्धी गायब. अक्षरांभोवती पांढरी किनार उमटायची, शिरोरेषा जाडजूड दिसायची आणि अनुस्वार तिच्यात बुडून जायचा. माउस हलवला की बाण क्षणभराने हलायचा, झोपेतून उठवल्यासारखा. आणि चार तास रिमोटला हात लावला नाही की टीव्ही आपणहून बंद व्हायचा.

जाऊबाईंनी गल्लीच्या टोकाच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याला बोलावलं. साठीचा माणूस, तोंडात कायम स्क्रू धरलेला. त्याने स्क्रू काढून खिशात ठेवला आणि रिमोट हातात घेतला.

"ताई, हा टीव्ही चांगला दिसण्यासाठी खोटं बोलतो," तो म्हणाला. "चित्र मोठं करून कडा कापतो, धार लावतो, रंग भडक करतो. तुम्हाला खरं बघायचंय ना?"

"फक्त खरंच बघायचंय," जाऊबाई म्हणाल्या.

त्याने चित्राचा आकार बदलला, कडा परत आल्या. शार्पनेस खाली खाली नेत शून्यावर आणला, पांढरी किनार गेली. वायर जिथे लावली होती त्या जागेचं नाव टीव्हीत 'पीसी' असं करून टाकलं आणि रंगीत अक्षरांच्या फाटलेल्या कडा एकदम सांधल्या. बाण लगेच हलावा म्हणून गेम मोड लावला. आपणहून बंद होण्याची खोड काढून टाकली. शेवटी उजेड निम्म्यावर आणला.

"आता चार फुटांवर बसा," तो म्हणाला. "जवळ गेलात तर अक्षरांचे दाणे दिसतील."

जाऊबाई चार फुटांवर बसल्या. पान मोठं केलं. एकेक अक्षर तळहाताएवढं. अनुस्वार लिंबाएवढा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि भाऊजींना म्हणाल्या, "अहो, तुमच्या कुस्त्या आता बंद. इथे आता माझी आहे."

पहिली फेरी त्या हरल्या. घरी पहिलंच काम आलं, फुलवाल्याचं कार्ड. टीव्हीवर गुलाबी रंग असा खुलला होता की बघत राहावं. दुसऱ्या छापखान्यातून छापून आला तो जुन्या विटेसारखा. सगळी कार्डं पुन्हा करून द्यावी लागली. बातमी मालकांपर्यंत पोचली आणि त्यांनी ती बाजारभर केली. "मात्राबाई आता मालिका बघता बघता कार्डं करतात," असं ते दुकानादुकानांत सांगत होते. मला हे किराणावाल्याने सांगितलं. मी जाऊबाईंना सांगायला नको होतं, पण सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून पडद्याच्या शेजारी छापील रंगांचा तक्ता टांगला गेला. रंग तक्त्यावर बघायचा, पडद्यावर विश्वास ठेवायचा नाही. आणि त्याच आठवड्यात त्यांनी लाल पेनांचं खोकं आणलं.

मालकांच्या छापखान्यातून बाहेर पडणारा प्रत्येक कागद त्या मिळवायला लागल्या. पत्रकं, पावत्या, अहवाल, आमंत्रणं. दवाखान्यात गेल्या तरी तिथला कागद पिशवीत टाकून आणायच्या. त्यावरच्या चुकांना लाल गोल करायचे आणि तो कागद ज्याचा त्याला टपालाने पाठवायचा. गायनवर्गाच्या पत्रकात 'सूर' ऱ्हस्व झाला होता, म्हणजे गुरुजी मुलांना देव लावायला शिकवणार होते. पतपेढीने 'वर्धापन दीन' साजरा केला होता. जाऊबाईंनी 'दीन'ला गोल करून शेजारी लिहिलं, "असं वाटत असेल तर राहू द्या." खाली आपलं टोपणनाव, फोन नंबर आणि एकच ओळ, "पान माझ्यासोबत बसून वाचायचं असेल तर या."

"हा कसला उद्योग?" भाऊजी म्हणाले.

"उट्टं काढतेय."

"अगं, पण त्या बिचाऱ्या गिऱ्हाइकांना कशाला?"

"गिऱ्हाइकांना नाही. त्यांच्या हातून त्याला."

तेवीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून मालकांना 'ते' सोडून काही ऐकलं नव्हतं. त्या दिवसापासून मालक 'तो' झाले.

आणि लोक यायला लागले. आधी रागावून, मग काम घेऊन. छापखान्यात गिऱ्हाइकाला पडद्याजवळ कुणी फिरकू देत नसे, प्रूफ हातात पडायचं ते मुंगीएवढ्या अक्षरांत. इथे सोफ्यावर मांडी घालून बसायचं, समोर भिंतभर पान, आणि जाऊबाई ओळीखालून बाण फिरवत वाचणार. गायनवर्गाचे गुरुजी आले ते दोन तास बसले. पतपेढीचे पाच संचालक एकत्र आले आणि एका स्वल्पविरामावरून आपसात भांडले. एकदा भाऊजींनी चुकून रिमोट दाबला आणि अहवालाच्या जागी दोन पैलवान उमटले. संचालकांनी तीही कुस्ती शेवटपर्यंत बघितली. वर्ष होईपर्यंत मालकांची निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं आमच्या जिन्यावर चपला काढत होती. जाऊबाई कधीकधी दारात उभ्या राहून त्या चपलांकडे नुसत्या बघायच्या. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे असायचं त्याला समाधान म्हणता येणार नाही. भूक चाळवल्यासारखं काहीतरी होतं ते.

मग एका दुपारी मालक स्वतः आले. मी तिथेच होते.

"झालं गेलं विसरा," ते म्हणाले. "परत या. मोठा मॉनिटर घेऊन देतो."

जाऊबाईंनी त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं. पडद्यावर वाचनालयाची यादी उघडी होती. मालकांनी सोफ्यावरून तिच्यातली ओळ मोठ्याने वाचली. "अरे वा! काय लख्ख दिसतंय हो!" त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. जाऊबाईंनी आपलं नवं छापील कार्ड त्यांच्या हातात ठेवलं. मालकांनी ते हातभर लांब धरलं, मान हलवली, "छान केलंय," म्हणाले आणि खिशात घातलं. कार्ड त्यांनी उलटं धरलं होतं.

"विचार करून सांगते," जाऊबाई म्हणाल्या.

ते गेल्यावर भाऊजी म्हणाले, "त्याला दिसत नाही गं. बसमध्ये असे खूप भेटायचे. पाटी डोळ्यांसमोर असली तरी वाचायचे नाहीत, विचारायचे, ही कुठे जाते? लाजेने सांगायचे नाहीत."

जाऊबाईंनी मालकांचा पाण्याचा पेला उचलून आत ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे माझी पेन्सिल त्याला दिसलीच नव्हती. न वाचताच सही केली."

"बिचारे," मी म्हणाले. "मग तसं सांगायचं ना."

"बिचारा?" त्या माझ्यावर उसळल्या. "आपलं आंधळेपण त्याने माझ्या नावावर खपवलं. सगळ्यांसमोर. आणि तू त्याला बिचारा म्हण."

मी वर निघून आले.

संधी त्यांना शोधावी लागली नाही. शाळेच्या मुख्याध्यापिकांना लाल गोल केलेला शाळेचा अहवाल पोचला होता. शाळेचा इतिहास पुस्तकरूपाने काढायचा होता आणि तो मात्राबाईंकडे द्यावा असं त्यांच्या मनाने घेतलं. अध्यक्ष बिथरले. "त्याच बाई? ज्यांनी मला मारलं?" शेवटी ठरलं की एका रविवारी सकाळी सगळ्यांनी जाऊबाईंच्या घरी बसून नमुन्याची पानं बघायची. मालकांनाही बोलवायचं, कारण जुळणी कुणीही करो, छपाई त्यांनाच मिळावी म्हणून ते धडपडत होते.

सोफ्यावर अध्यक्ष आणि मुख्याध्यापिका, खुर्चीवर मालक, दाराशी भाऊजी. चहा मी केला. जाऊबाईंनी पानं दाखवली. अध्यक्ष आधी काठीवर हनुवटी टेकून बसले होते, मग पुढे सरकले, मग वाचायला लागले. मालकही वाचत होते. पडद्यावरचं त्यांना सगळं दिसत होतं आणि त्यांना धीर चढत गेला.

"बाईंचं काम चांगलंच आहे," ते म्हणाले. "पण शेवटी छापखान्याची जबाबदारी वेगळी असते. आमच्याकडे प्रत्येक पान मी स्वतः डोळ्यांखालून घालतो."

जाऊबाईंनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. खोली एकदम लहान झाल्यासारखी वाटली. त्यांनी टेबलावरून एक छापील पान उचललं आणि मालकांच्या मांडीवर ठेवलं.

"मग हे वाचून दाखवा."

मालक हसले. खिसे चाचपले. "चष्मा विसरलो वाटतं."

"माझा घ्या," अध्यक्ष म्हणाले.

मालकांनी तो घातला. पान जवळ नेलं, लांब नेलं, खिडकीकडे वळवलं. त्यांच्या कपाळावर घाम आला. मला वाटलं, आता जाऊबाई थांबतील. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या थांबणार नव्हत्या.

"पहिलीच ओळ," त्या म्हणाल्या. "ठळक आहे."

"अध्यक्षांचं मनोगत," मालक म्हणाले.

अध्यक्षांनी हात पुढे करून पान घेतलं, चष्मा परत घेतला, पाहिलं.

"अहो, ही खेळांच्या बक्षिसांची यादी आहे," ते म्हणाले. आणि मग हळूहळू, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखे, "म्हणजे मला मारलं ते तुम्ही."

मुख्याध्यापिका खाली बघत होत्या.

"म्हणा," जाऊबाई म्हणाल्या. "चूक बाईंची नव्हती."

"चूक... बाईंची नव्हती."

"ऐकू आलं नाही."

ते त्यांनी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. मग उठले आणि भाऊजींनी त्यांना जिन्यापर्यंत हाताला धरून नेलं. खाली उतरल्याचा आवाज आला, एकेक पायरी, बराच वेळ.

त्या दिवशी जाऊबाई पोटभर जेवल्या. मला म्हणाल्या, "दीड वर्षाने चव लागली."

छापखाना पुढच्या वर्षी बंद झाला. आता तिथे चपलांचं दुकान आहे. बंद झाल्यावर आठवड्याभरात बांधणीवाली बाई दारात आली. बसायला सांगितलं तरी बसली नाही.

"तुमचं उट्टं निघालं," ती म्हणाली. "माझं काम गेलं. मी काय केलं होतं?"

"त्या दिवशी तू गप्प बसलीस," जाऊबाई म्हणाल्या.

"बोलले असते तर माझं काम तेव्हाच गेलं असतं, एवढंच."

जाऊबाईंनी आत जाऊन न शिवलेल्या पानांचा गठ्ठा आणला आणि तिच्या हातात दिला. आता ती आठवड्यातून तीन दिवस त्यांच्याकडे घड्या घालायला आणि शिवायला येते. काम चोख करते, पण जाऊबाईंशी कामापुरतंच बोलते. चहा ती माझ्याकडे येऊन पिते.

मागच्या महिन्यात मालकांच्या बायको आल्या. आम्ही त्यांना ओळखतही नव्हतो. दारातच म्हणाल्या, "हे घरीच असतात. पेपर वाचता येत नाही म्हणून चिडचिड करतात. तुमच्याकडच्या पडद्यावर सगळं वाचता आलं, असं एकदा बोलून गेले. मुलगा कॉम्प्युटर आणि टीव्ही आणून देतोय. तो कसा लावायचा ते विचारायला आले."

जाऊबाईंनी कागद घेतला आणि सगळं क्रमाने लिहून दिलं. चित्राचा आकार, शार्पनेस शून्य, जागेचं नाव 'पीसी', गेम मोड, आपणहून बंद होण्याची खोड काढणं, उजेड निम्मा, बसायचं चार फुटांवर. एकही गोष्ट गाळली नाही. मी नंतर मुद्दाम आठवून पाहिलं. खाली ठळक अक्षरांत लिहिलं, "मात्राबाई."

"हे त्यांना वाचून दाखवा," त्या म्हणाल्या. "कुणी लिहिलं तेही."

त्या गेल्यावर भाऊजी खूश झाले. "शेवटी माफ केलंस म्हणायचं."

"माफ कुणी केलं?" जाऊबाई म्हणाल्या. "आता रोज सकाळी पेपर उघडला की मी आठवणार त्याला. मरेपर्यंत."

परवा मालकांच्या बायकोचा फोन आला, बाण मागून येतोय म्हणून. जाऊबाईंनी गेम मोड कुठे असतो ते सांगितलं. पलीकडे मालक कसलीशी बातमी मोठमोठ्याने वाचत होते, फोनमधून मला लांबूनही ऐकू येत होतं. जाऊबाई थोडा वेळ कान देऊन ऐकत राहिल्या.

"त्यांना म्हणावं, तो तिसरा शब्द चुकला," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.